माह्यं मीटर कमी दाखवते

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाने नोकरीच्या आठवणी लिहायच्या म्हटलं, की लोक आधी वाघ मागतात. या अंकाच्या संपादिकेनेही फोनवर तेच विचारलं. "मॅडम, जंगलात काम करताना वाघ वगैरे दिसला असेल ना?" मी खरं ते सांगून टाकलं. माझी सगळी नोकरी वीज कंपनीच्या मीटर तपासणीत गेली. वाघ लाइनमन लोकांच्या वाट्याला आले. माझ्या वाट्याला ग्राहक आले, आणि ग्राहकांच्याच गोष्टी माझ्याकडे आहेत.

मीटर तपासणी म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या टेबलावर एक प्रमाण मीटर असायचं, म्हणजे ज्याच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नाही असं. त्याच्या शेजारी तक्रारीचं मीटर जोडायचं, दोघांतून सारखीच वीज सोडायची आणि दोघं सारखंच मोजतात का ते पाहायचं. बहुतेक वेळा सारखंच मोजायचे. ही बातमी ग्राहकाला सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. माणूस मोठ्या आशेने आलेला असतो. मीटर निर्दोष आहे हे ऐकून त्याचा चेहरा असा पडतो, की मलाच अपराध्यासारखं व्हायचं.

तक्रारी तऱ्हेतऱ्हेच्या. घुग्घुसच्या एका बाईंचं म्हणणं होतं, की कोळशाची धूळ मीटरच्या पोटात जाते आणि त्याला खोकला लागून ते जास्त आकडे टाकतं. गोंडपिपरीच्या एका गृहस्थांनी मीटरला लिंबू-मिरची बांधली होती. तपासणीत मीटर बरोबर निघालं, तर त्याचं श्रेय त्यांनी लिंबाला दिलं आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण एक गोष्ट या सगळ्यांमध्ये सारखी होती. मीटर पळतं, हीच सगळ्यांची तक्रार. मीटर मागे पडतं असं म्हणणारा माणूस मला कधी भेटला नव्हता.

तो सिंदेवाहीला भेटला.

तिथे आमचं ग्राहक शिबिर होतं. रांगेत पांढरा सदरा घातलेले एक सडपातळ गृहस्थ पत्नीसोबत उभे होते. पाळी आली तेव्हा त्यांनी "जय भीम" केला आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मॅडम, माह्यं मीटर तपासून द्या."

"पळतंय का?" मी सवयीने विचारलं.

"नाई जी. कमी दाखवते."

शेजारच्या कारकुनाने लिहिणं थांबवून वर पाहिलं. मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"कमी दाखवतं म्हणजे?"

"म्हंजे मी जेवढी वीज जाळतो, तेवढी ते मोजत नाई. मी फुकटची वीज जाळून राह्यलो मॅडम. हे काही बरं नाई."

त्यांच्या पत्नी सिंधूबाई मागून म्हणाल्या, "बाई, तुमी एकदा पाहून घ्या बाप्पा. हे दिवसभर हातात चिमटा घेऊन घरात हिंडते. पंखा लावला की धावत येते, फ्रिज घुरघुरला की धावत येते. मी मिक्सर लावाचाच सोडून देल्ला. पाट्यावर वाटतो आता."

हे मेश्रामभाऊ. उभा जन्म त्यांनी धानाच्या संशोधन केंद्रात शेतसहायक म्हणून काढला होता. रोज सकाळी पावसाचं माप घ्यायचं, लोंब्या मोजायच्या, दाण्यातला ओलावा पाहायचा. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी घरची वीज मोजायला घेतली होती. त्यासाठी नागपूरहून चिमटा मीटर आणलं होतं. हे यंत्र खरोखर चिमट्यासारखं असतं. तारेभोवती त्याचा जबडा बसवला की तारेतून किती करंट, म्हणजे किती अँपिअर वाहतात, ते दिसतं. अँपिअरला व्होल्टने गुणायचं, मग जितका वेळ वापर तितक्या तासांनी गुणायचं, असा भाऊंचा हिशेब. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे तो बरोबर होता. आणि त्या हिशेबाने घरात जेवढी वीज जळत होती, त्यापेक्षा मीटर बरंच कमी दाखवत होतं.

असा ग्राहक विक्षिप्त म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण जाता जाता भाऊ एक वाक्य बोलले. "इस्त्रीले जुळते मॅडम. बल्बले जुळते. मोटारीले काऊन जुळत नाई, तेच समजून नाई राह्यलं."

मी त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले.

प्रमाण मीटर लावून पाहिलं. भाऊंच्या घरचं मीटर चोख होतं. मग मी माझं यंत्र काढलं. ते अँपिअर दाखवतं, खरी जळालेली वीज म्हणजे वॅट दाखवतं, आणि तिसरा एक आकडा दाखवतं. तो पॉवर फॅक्टर. इस्त्री लावली, तो एक आला. विहिरीवरची मोटार लावली, तर तो एकाच्या बराच खाली उतरला. भाऊ चष्मा कपाळावर चढवून त्या आकड्याकडे असे पाहत राहिले, जणू धानाच्या बांधीत अनोळखी रोप उगवलं आहे.

"हा कोण जी?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला बसले. इस्त्री साधी असते. जेवढी वीज येते, तेवढीची ती उष्णता करून टाकते. मोटारीचं तसं नाही. फिरण्याआधी तिला आपल्या तारांच्या वेटोळ्यात चुंबक तयार करावा लागतो. त्यासाठी ती थोडी वीज मागून घेते आणि क्षणात परत पाठवते. पुन्हा मागते, पुन्हा पाठवते. ही येणारी-जाणारी वीज तारेतून वाहते, म्हणून चिमट्याला दिसते. पण ती जळत नाही, म्हणून मीटर तिला धरत नाही. एकूण वाहिली किती आणि त्यातली कामाला आली किती, याचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर.

भाऊंनी मान हलवली, पण ती समजल्याची मान नव्हती. मग मी म्हटलं, "बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे एसटी भरून येते ना? त्यातले सगळेच काही सौदा घेत नाहीत. काही जण नुसते हिंडून, चहा पिऊन परत जातात."

भाऊंनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "समजलं!" ते ओरडलेच. "चिमटा मोजते माणसं, आन् मीटर मोजते पिशव्या!"

मी इतकी वर्षं हे काम केलं, पण पॉवर फॅक्टर इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता. पुढे आमच्या प्रशिक्षणात मी हेच वाक्य सांगत असे, आणि ते कुणाचं हेही सांगत असे.

सिंधूबाईंनी चहा आणला. "म्हंजे आमी चोर नाई ना?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या आत गेल्या, आणि आतून मिक्सरचा आवाज आला.

त्यानंतर भाऊंचे फोन येऊ लागले. ते कधी फुकट फोन करायचे नाहीत, काहीतरी मोजूनच करायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, बाजारात एक डब्बी आली हाये. प्लगमध्ये खोचली की बिल कमी, म्हणते. मी आणली एक. आन् मॅडम, चिमटा खरंच कमी दाखवते!"

अशा डब्या मी पाहिल्या होत्या. आत एक छोटा कपॅसिटर असतो आणि बाहेर हिरवा दिवा. कपॅसिटरचा गुण असा, की मोटारीला जी मागून-परत करायची वीज लागते, ती तो जवळच्या जवळ देतो आणि घेतो. त्यामुळे तारेतली गर्दी खरंच कमी होते. विकणारा माणूस चिमट्यावर तेच दाखवतो. पण घरच्या मीटरने त्या गर्दीचे आकडे कधी टाकलेच नव्हते, तर डबी बिल कमी काय करणार? मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "भाऊ, चिमट्याकडे नका पाहू. पिशव्या पाहा."

भाऊंनी पाहिल्या. डबी लावून टाकी भरली, डबी काढून तीच टाकी भरली. मीटर दोन्ही वेळा सारखंच पुढे सरकलं. मग पुढच्या बाजाराला ते प्लगमध्ये खोचून खरी जळालेली वीज मोजणारं एक छोटं मीटर आणि घरचा टेबलपंखा घेऊन त्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. भांडले नाहीत. विक्रेत्याला फक्त म्हणाले, "बेटा, तुह्या चिमट्याच्या बाजूला माह्यं हे मीटर लावतो. दोन्ही लोकाईले दाखवू."

गर्दी जमली. चिमटा थोडा खाली आला, मीटर होतं तिथेच राहिलं. विक्रेता म्हणाला, "काका, तुम्ही कोणत्या कंपनीचे?"

"मी धानाचा माणूस हावो," भाऊ म्हणाले.

दुकान गुंडाळलं गेलं. भाऊंनी त्या पोराला हॉटेलात नेऊन आलूबोंडा खाऊ घातला आणि चांगले बल्ब विकायला सांगितलं. तो पुढे खरोखर बल्ब विकायला लागला, असं भाऊंचं म्हणणं. मी पाहिलेलं नाही.

एवढ्यावर ही आठवण संपली असती, तर ती एका गमतीदार माणसाची आठवण झाली असती. पण मी निवृत्त झाल्यावर भाऊंचा असा फोन आला, की त्यात गंमत नव्हती.

"मॅडम, प्रज्ञाच्या गावाले येता का? तिथी लोकं एकमेकाशी बोलणं सोडून राह्यले."

प्रज्ञा त्यांची मुलगी. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात जांभूळकसा नावाचं गाव आहे, तिथल्या उपकेंद्रात ती नर्स. त्या गावात लाइन पोचली होती, पण झाडं पडून ती महिनोन् महिने बंद असायची. म्हणून एका संस्थेने गावासाठी सौर पॅनेल बसवून दिले होते. पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारं यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, गोटुलाशेजारच्या, म्हणजे गावाच्या सभाघराशेजारच्या खोलीत होतं. त्यावर घरांतले दिवे-पंखे चालायचे, उपकेंद्रातला लसींचा फ्रिज चालायचा, आणि बायकांच्या बचत गटाची धान भरडायची गिरणी चालायची.

गिरणी आली त्याआधी त्या बायका डोक्यावर धान घेऊन नाला ओलांडून दुसऱ्या गावी जायच्या. पावसाळ्यात नाला भरला की घरीच मुसळ. गिरणी आली आणि हे संपलं. पण गिरणी चालू असताना फ्रिज लागला, की इन्व्हर्टर बंद पडायचा. सगळं गाव एकदम थंड. फ्रिजही थंड, पण नको त्या अर्थाने. लहान पोरांच्या लसी खराब होतील म्हणून प्रज्ञा त्या शीतपेटीत घालून लांबच्या आरोग्य केंद्रात पोचवायची. शेवटी तिने ग्रामसभेत सांगितलं, की गिरणी बंद करा. गटाच्या प्रमुख कुंदाबाई तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हत्या.

याहून वाईट वेगळंच घडलं होतं. रेंजसाठी टेकडीवर जाऊन संस्थेच्या इंजिनीअरला फोन लावला, तेव्हा तो स्पीकरवर होता आणि सगळी ग्रामसभा ऐकत होती. टेकडीवर लावलेल्या अँटेनातून येणारा गावाचा भार इंजिनीअर शहरात बसून संगणकावर पाहायचा. तो म्हणाला, "माझ्याकडे तर निम्माच भार दिसतोय. त्याने इन्व्हर्टर पडणार नाही. कुणीतरी मध्येच आकडा टाकून वीज चोरत असणार. शोधा."

चोरी हा शब्द त्या गावाने सगळ्यांसमोर ऐकला. मोहफुलं वेचून भरलेली टोपली जिथे झाडाखाली ठेवून माणूस बिनधास्त घरी जेवायला जातो, ते हे गाव.

धानोऱ्यापर्यंत आम्ही एसटीने गेलो आणि पुढे ट्रॅक्टरवर. नोकरीभर मी अशा गावांची मीटरं टेबलावर तपासली, पण ती ज्या भिंतींवर लटकायची त्या भिंती पाहायला मिळाल्या नाहीत. याची मला चुटपुट होती. साजाची झाडं, मध्येच एखादी बांधी, शेणाने सारवलेली स्वच्छ अंगणं. प्रज्ञा रस्त्यावर येऊन थांबली होती. चेहरा ओढलेला. कुंदाबाई उसेंडी गिरणीच्या दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, काटक, पदर कमरेला खोचलेला.

"जोहार," मी म्हटलं.

"जोहार. तुमीबी चोर पाहाले आल्या का?"

"नाही बाई. तुमची मोटार पाहायला आले."

"मोटार चोरली नाई आमी. पावती हाये," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मोटार पाहिली आणि मला थोडा अंदाज आला. गिरणी लहान, मोटार दांडगी. एका मोठ्या राइस मिलची जुनी मोटार स्वस्तात मिळाली, म्हणून गटाने घेतली होती. मी यंत्र जोडलं. प्रज्ञा फ्रिजजवळ थांबली, भाऊ आपला चिमटा घेऊन तारेशी बसले. दारात निम्मं गाव.

"चालू करा," मी म्हटलं.

मोटार घरघरली. कुंदाबाई ओंजळीने धान टाकू लागल्या. ओंजळ टाकायची, थांबायचं, पुन्हा ओंजळ. माझ्या यंत्रावर वॅट अगदी मामुली होते. इंजिनीअरला दिसत होतं ते खरंच होतं. पण अँपिअर भरमसाट. पॉवर फॅक्टर पार खाली बसलेला.

"मॅडम," भाऊ चिमट्यावरून नजर न काढता ओरडले, "एसटी कोंबून भरली, आन् पिशव्या घ्या मोजून चार!"

तेवढ्यात उपकेंद्रात फ्रिज सुरू झाला. शेजारच्या खोलीतून टुक असा आवाज आला, मग लांबलचक शिट्टी. मोटार मंदावत थांबली. पंखे थांबले. कुंदाबाईंनी हातातलं सूप खाली टाकलं.

"पाहा," त्या म्हणाल्या. "झाली चोरी."

कुणी हसलं नाही. मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही धान इतकं थोडं थोडं का टाकता?"

"भार कमी पडावा म्हणून. फ्रिज बंद पडते ना. त्यात लेकराईच्या सुया हायेत."

प्रज्ञा तोवर दारात येऊन उभी राहिली होती. ती एकदम म्हणाली, "हे मीच सांगितलं होतं तुम्हाला. पहिल्या महिन्यात. हळूहळू टाका म्हणून."

"हो. मंग? तेच करून राह्यलो आमी."

"अजूनही?"

"काऊन? लेकरं आमचेच हायेत ना?"

 प्रज्ञाने ज्या बाईविरुद्ध सभेत तक्रार केली होती, ती बाई तिच्या फ्रिजसाठी रोज ओंजळीने धान भरडत होती. एका पोत्याला सकाळची दुपार होत होती. आणि खरी अडचण अशी, की त्याचा उपयोग शून्य होता, उलट तोटा होता. मोटारीला काम कमी दिलं म्हणून तिची येणारी-जाणारी वीज कमी होत नाही. चुंबक तेवढाच लागतो. म्हणजे मोटार दिवसभर जवळजवळ रिकामी फिरत राहायची, आणि तेवढा सगळा वेळ तारेत गर्दी.

गोटुलात सगळे बसले. मी भाऊंना म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी एसटीची गोष्ट सांगितली. एक म्हातारे आजोबा मध्येच म्हणाले, "पण मंग मेश्रामभाऊ, तुमच्या गावाले गाडी बंद नाई पडत. आमचीच काऊन पडते?"

प्रश्न अचूक होता. उत्तर मी दिलं. "त्यांच्या गावाला मोठी लाइन येते. तिथे रिकामी माणसं चढली तरी खपून जातात, आणि घरच्या मीटरला तर त्यांचं काहीच नाही. तुमचा इन्व्हर्टर म्हणजे काळीपिवळी जीप आहे. तिच्यात सौदा घेणारा बसला काय आणि नुसता हिंडणारा बसला काय, जागा तेवढीच जाते. जागेपेक्षा एक माणूस जास्त झाला की ती जागची हलत नाही. शहरातल्या साहेबांना फक्त पिशव्या दिसतात. गर्दी दिसत नाही."

"म्हंजे चोर कोणीच नाई?" कुंदाबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही."

त्यांनी गोंडीत मागे वळून काहीतरी सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण सगळ्या बायका सरळ बसल्या.

आजोबांचा दुसरा प्रश्न तयारच होता. "रिकाम्या लोकाईले उतरवाचं कसं?"

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "डब्बी, मॅडम!"

"डबीच," मी म्हटलं, "पण मापाची." मोटारीला तिची येणारी-जाणारी वीज तिच्या दारातच मिळाली, तर ती इन्व्हर्टरकडे मागायला येणार नाही. त्यासाठी या मोटारीच्या मापाचा कपॅसिटर हवा, आणि तो मोटारीच्या बटणामागेच जोडायला हवा, म्हणजे मोटार बंद की तोही बंद. शिवाय इन्व्हर्टर संस्थेचा, त्यामुळे इंजिनीअरला विचारल्याशिवाय मी हात लावणार नव्हते.

गावात फोनची रेंज नाही. टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली तेवढी येते. तिथून मी इंजिनीअरला माझ्या यंत्रावरच्या आकड्यांचे फोटो पाठवले आणि फोन केला. पोरगा हुशार होता. फोटो पाहताच म्हणाला, "मॅडम, माझ्या स्क्रीनवर फक्त किलोवॅट येतात. पॉवर फॅक्टर येतच नाही. तुम्ही सांगेपर्यंत मला..." पुढचं त्याने गिळलं. मग आम्ही दोघांनी मिळून कपॅसिटरचं माप काढलं. इन्व्हर्टरला झेपेल इतकंच, जास्त नको, यावर त्याने जोर दिला, आणि ते त्याचं बरोबर होतं.

कपॅसिटर गडचिरोलीहून आला. प्रज्ञाने स्वतः जाऊन आणला. जोडताना मी बायकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. मोटार बंद केल्यावरही ह्याच्या पोटात वीज राहते, म्हणून पेटीचं झाकण कुणी उघडायचं नाही. कुंदाबाईंनी लगेच त्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

"आता चालू करा," मी म्हटलं. "आणि सूप भरून टाका."

"भरून?"

"भरून."

त्यांनी एकदा प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाने मान हलवली. कुंदाबाईंनी सूपभर धान गिरणीच्या तोंडात ओतलं. आवाज बदलला, जड झाला. माझ्या यंत्रावर वॅट वाढले, अँपिअर मात्र आधीपेक्षा कमी. भाऊ चिमटा वाचून बोटाने खूण करत होते. पण फ्रिज अजून सुरू व्हायचा होता. तो आपल्या मर्जीचा धनी. आम्ही सगळे तो कधी घुरघुरतो याची वाट पाहत उभे.  इतक्या माणसांसमोर मी कधी मीटर तपासलं नव्हतं.

उपकेंद्रातून कुणीतरी ओरडलं, "लागला, लागला!"

गिरणी एकदा जराशी अडखळली आणि चालत राहिली. शिट्टी नाही. पंखे फिरत होते. तांदूळ खाली पडत होता. भाऊंनी पहिल्यांदा चिमटा तारेवरून काढला आणि खिशात ठेवला. प्रज्ञा पुढे झाली, खाली पडलेलं दुसरं सूप उचललं आणि धान भरून कुंदाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं. ओतून झाल्यावर रिकामं सूप तिच्याकडे परत दिलं. ती पुन्हा भरू लागली. सगळं पोतं असंच संपलं. 

आता जेवायचं आणि परतीचा ट्रॅक्टर पकडायचा, असं माझ्या मनात होतं. पण कुंदाबाईंनी मोटार बंद केली, अंगावरचा कोंडा झटकला आणि म्हणाल्या, "एक काम राह्यलं. चला टेकडीवर."

सगळं गाव निघालं. म्हातारे आजोबाही काठी टेकत आले. मोहाच्या झाडाखाली प्रज्ञाने इंजिनीअरला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन कुंदाबाईंसमोर धरला.

"कोण, नर्सबाई का? झालं का काम?" तो म्हणाला.

"मी कुंदा उसेंडी बोलून राह्यलो. बचत गटाची. काम झालं. तुमी त्या दिवशी सभेत एक शब्द बोलले होते."

 तिकडून आवाज आला, जरा हळू, पण कुठेही आडवळण न घेता. "हो बाई. चोरी नव्हती. मी चुकीचं बोललो."

कुंदाबाईंनी फोनच्या जवळ तोंड नेलं. "जोरानं बोला. मांगच्या लोकाईले ऐकू नाई आलं."

"चोरी नव्हती!" तो ओरडला. "जांभूळकशात कुणी चोर नाही! माझं चुकलं!"

सगळी टेकडी हसली. भाऊंनी तर टाळीच वाजवली. कुंदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. हसणं थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता इकडे याल तवा घरून डबा आणू नका. भात आमच्या गिरणीचा खासाल."